पडद्यामागचा पाय

घाटाच्या फाटकापाशी ट्रक थांबला तेव्हा दुपार अजून सरली नव्हती, पण उजेड मात्र सरला होता. सकाळपासून बर्फ पडत होता. फार जोराचा नव्हे, पीठ चाळावं तसा बारीक, पण खंड नाही. मास्तरीण स्टिअरिंगवर होती. शेजारी मास्तर थर्मासमधला उरलेला चहा दोन झाकणांत ओतत होते, स्वतःच्या झाकणात जरा जास्त.

"दिसतंय मला," ती म्हणाली.

"मी आजारी माणूस आहे."

"कधीपासून?"

"तू चहा मोजायला लागलीस तेव्हापासून."

मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, आणि शिकलेही होते ते जेमतेमच. पण रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीचा नियम त्यांना पाठ होता, आणि भेटेल त्याला तो समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून सगळे ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणत, आणि त्यांच्या बायकोला मग ओघानंच मास्तरीण. तिला गाडी शिकवली ती त्यांनीच. आता दोघं मिळून लांबचा माल ओढत. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं सीटमागच्या फळीवर, पडद्याआड झोपायचं. घरी सासूबाईंपाशी सहा वर्षांची लेक होती. तिला आईबाप एकत्र जागे असलेले फक्त घरीच दिसत.

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत मास्तर तिला पेट्रोलपंपाच्या संडासात विसरून पुढं निघून गेले होते. बायको मागं झोपलीय समजून तासभर पडद्याशी गप्पा मारत गेले. ती गोष्ट मास्तरीण अजून चारचौघांत रंगवून सांगे, आणि मास्तर अजून कानापर्यंत लाल होत. तेव्हापासून ठरलं होतं. झोपणाऱ्याचे पाय ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायचे. गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं मागं हात घालून पाय चाचपायचा. पाय लागला की निघायचं. झोपलेल्याला हाक मारून उठवायचं नाही, पडदा सारायचा नाही. मास्तरांचा पाय ओळखायला तर सोपा. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी बर्फानंच एका हिवाळ्यात नेली होती. मोज्यावरूनसुद्धा ती रिकामी जागा हाताला कळे.

फाटकवाले काका टॉर्च घेऊन चाकांच्या साखळ्या बघून आले. बर्फावर पकड राहावी म्हणून चाकांना बांधतात त्या. त्यांनी खिडकीवर हात ठेवला.

"आज तुम्ही शेवटचे. तुमच्यामागं फाटक लावतोय. वरची चौकी कुलूपबंद आहे, तिथं कुणी भेटायचं नाही. वर पोचलात की साखळ्या काढा आणि सरळ उतरा. पलीकडच्या रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलंय."

"वॉकीटॉकी चालू ठेवतो," मास्तर म्हणाले.

"ठेवा. पण वर कुणी हाक मारली तर आधी विचारून घ्या, कोण म्हणून." काकांनी डोळे मिचकावले. "परवा एकाला त्याच्या मेलेल्या आईनं जेवायला बोलावलं."

"गेला का मग?"

"कुठला. बायको शेजारी बसली होती."

मास्तर इतके हसले की चहा कोटावर सांडला. मास्तरीणही हसली. मागं फाटकाचा आडवा खांब खाली आला, त्याचा आवाज तिला आरशात बघता बघता ऐकू आला.

चढ लागला. ट्रकमध्ये कागदाची मोठमोठी रिळं होती. साखळ्या बर्फात कचकच रुतत होत्या आणि इंजिन दम लागलेल्या जनावरासारखं धापा टाकत होतं. दिव्यांच्या पुढं पांढरा पडदा, त्यापलीकडं काही नाही. केबिनमध्ये डिझेलचा, ओल्या लोकरीचा आणि सांडलेल्या चहाचा वास.

मधल्या वळणावर तो माणूस दिसला.

दरीच्या बाजूला उभा होता. अंगात पातळ कोट, डोक्यावर काही नाही, गुडघ्यापर्यंत बर्फात. त्यानं हात वर केला होता. हलवत नव्हता. नुसता वर धरला होता, बराच वेळ धरून ठेवल्यासारखा.

"थांब," मास्तर म्हणाले.

"चढ आहे."

"अगं, माणूस आहे तो."

"आणि मागं दरी आहे." तिनं पायाचा दाब तसाच ठेवला. "लोड गाडी चढावर थांबली की सुटली. चढावर कुणासाठी थांबायचं नसतं. कुणी शिकवलं मला?"

मास्तर हळूच म्हणाले, "मी ते गाडीचं शिकवलं होतं. माणसांचं नाही."

ट्रक त्या माणसाच्या अगदी जवळून, चालत्या माणसाच्या वेगानं पुढं सरकला. त्यानं मान वळवली नाही. पण मास्तरांच्या खिडकीवर दोन थापा पडल्या. धप्. धप्. काम उरकलं हे एकमेकांना कळवायची त्यांची खूणही तीच होती. गाडीच्या अंगावर दोन थापा.

मग आरशात पुन्हा नुसता बर्फ.

खिडकीवर साचलेल्या बारीक बर्फात त्या थापांचे दोन ठसे उठले होते. गोल, वाटीच्या बुडाएवढे.

"बोटं नव्हती गं त्याला," मास्तर म्हणाले.

"हातमोजा असेल."

"हातमोजा नव्हता."

त्यांनी वॉकीटॉकी उचलून फाटकाला कळवलं, की मधल्या वळणावर एक माणूस आहे, कुणाला तरी पाठवा. खरखर झाली. काकांचा आवाज आला, आता त्यात मस्करी नव्हती. "मास्तर, आज माझ्या फाटकातून पायी कुणी गेलेलं नाही. बर्फ वाढलाय, मला वर येता यायचं नाही. तुम्ही उतरा लवकर."

माथ्यापर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. तिला वाटत होतं त्यांनी रागवावं, म्हणजे भांडता येईल. ते रागावले नाहीत. लेकीनं निघताना त्यांच्या कोटाच्या खिशात स्वतःची केसांची क्लिप टाकली होती, बाबांना झोप येऊ नये म्हणून. ती क्लिप ते खिशातल्या खिशात उघडमीट करत राहिले. टक्. टक्.

माथ्यावर सपाट जागा होती. कुलूप लावलेली चौकी होती, आणि वारा. दोघं उतरली. ठरल्याप्रमाणं एका बाजूच्या साखळ्या तिनं काढायच्या, दुसऱ्या बाजूच्या त्यांनी. मग त्यांची झोपायची पाळी होती. चाकाखाली सरपटायचं म्हणून त्यांनी कोट काढून सीटवर टाकला. जाड कोट चाकाला अडकतो, हाही त्यांचाच नियम. आपला वॉकीटॉकी त्यांनी पँटच्या खिशात कोंबला.

"पाच मिनिटं," ते ओरडले. वाऱ्यानं त्यातलं अर्धं नेलं.

तिनं आपल्या साखळ्या काढून खोक्यात टाकल्या. बोटं लाकडासारखी झाली होती. ती गाडीला टेकून उभी राहिली, इतक्यात पलीकडून दोन थापा ऐकू आल्या. धप्. धप्. काम उरकलं होतं. ती वर चढली. तोवर पलीकडचा दरवाजा उघडून मिटला होता, पडदा ओढलेला होता, आणि फळी कुणाच्या तरी वजनानं करकरत होती. नवरा रुसला की असाच न बोलता जाऊन पडे. तिनं हातमोजा न काढताच मागं हात घातला. पाय लागला.

गाडी निघाली.

पहिलं वळण उतरून झालं असेल. डॅशबोर्डवरचा तिचा वॉकीटॉकी खरखरला.

"अगं... थांब... मी मागं आहे."

तिचा पाय आपोआप ब्रेककडं गेला आणि तिथंच राहिला. आवाज मास्तरांचाच होता. दमलेला, फाटलेला.

"मी मागं साखळ्या गुंडाळत होतो... तू निघालीस कशी... पळालो गं, हाका मारल्या..."

तिनं आरशात बघितलं. अंधार. पडद्याकडं बघितलं. पडदा गाडीबरोबर हलत होता, एरवी हलतो तसा.

"अहो," ती पडद्याला म्हणाली.

"हं," पडद्यामागून आलं. झोपेतलं, जाड. ते झोपेत असंच हं म्हणत.

तिनं पुन्हा मागं हात घातला. जाड लोकरीचा मोजा. तिनं पायाची बाहेरची कड चाचपली. करंगळीची जागा रिकामी होती.

तिचा जीव भांड्यात पडला. काकांचे शब्द आठवले. चढावर ज्याच्यासाठी थांबलो नाही, तो आता उतारावर थांबवतोय. नवऱ्याचा आवाज काढून.

"कोण बोलतंय?" तिनं वॉकीटॉकीत विचारलं.

"कोण म्हणजे? मी गं... अंगावर कोटही नाही. चौकीला कुलूप आहे. गाडी थांबव, मी चालत येतो..."

"माझा नवरा गाडीत आहे. मी पाय बघितलाय. करंगळी नाही त्याला."

पलीकडं नुसता वारा ऐकू आला. मग तो आवाज अगदी लहान झाला. "माझा पाय... माझ्यापाशी आहे गं."

आता तुम्ही म्हणाल, तिनं गाडी थांबवून पडदा सारायचा होता. सांगणं सोपं आहे. मागं कोण आहे याची खात्री करायला थांबायचं, आणि थांबावं हीच तर बाहेरच्याची इच्छा असेल तर? उबेत बसून असे प्रश्न सोडवता येतात. तिनं तिच्यापरीनं एक परीक्षा घेतली.

"निघताना लेकीनं तुमच्या खिशात काय टाकलं?"

"अगं बाई... आत्ता काय प्रश्न विच..."

"सांगा."

"सांगतो... खिशात..." आणि वळण आलं. डोंगर मधे आला. खरखर, खरखर, मधेच एक अक्षर, पुन्हा खरखर. ती कान लावून बसली. उत्तर आलं नाही. ज्याला माहीतच नाही तो काय सांगणार, असं तिला वाटलं. आणि इतका वेळ रोखून धरलेली भीती एकदम रागात बदलली. तिनं वॉकीटॉकीचं बटण फिरवून तो बंद केला.

केबिनमध्ये शांत झालं. हीटरची घरघर तेवढी उरली.

"ऐकलंत ना," ती पडद्याशी बोलू लागली. बोलल्यानं बरं वाटत होतं. "तुमचा आवाज काढत होतं. मेलं हुबेहूब. मी थांबले असते ना, तर आज दोघांचाही निकाल होता. रुसलात का अजून? त्या माणसासाठी मलाही वाईट वाटलं हो. पण काय करणार होतो?"

"हं," पडदा म्हणाला.

बरीच वळणं गेली. खाली दूर मीठ टाकणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा फिरताना दिसला. आता भीती नव्हती. केबिन तापली होती, तिला घाम येऊ लागला होता. फक्त एक ओलसर, तळघरासारखा वास पडद्याकडून येत होता. साखळ्या काढताना मोजे भिजले असतील, सर्दी होईल यांना, असा विचार करून तिनं सीटवरचा कोट उचलला आणि पडद्याखालून त्या पायावर पसरला. पाय अजूनही थंडगार होता. इतका वेळ हीटर चालू असूनही.

"काय हे, बर्फ झालाय नुसता," ती म्हणाली. दातांनी हातमोजा ओढून काढला, आणि उघड्या हातानं तो पाय चोळू लागली. टाच. तळवा. मग हात वर गेला, बोटांकडं.

करंगळीची जागा रिकामी होती.

तिच्या शेजारच्या बोटाचीही.

त्याच्या शेजारच्याचीही.

मोज्याचं टोक मऊ, पोकळ होतं. आत अंगठासुद्धा नव्हता. पाय जिथं संपत होता तिथं गोल, गुळगुळीत कड होती, वाटीच्या बुडासारखी.

तिचा हात तिथंच राहिला. काढावासा वाटत होता, पण निघेना.

"कुणासाठी थांबायचं नसतं..." पडद्यामागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. आवाज मास्तरांचा नव्हता. तिचा स्वतःचा होता.

गाडी कशी थांबली ते तिला कधीच सांगता आलं नाही. ट्रक आडवा होऊन डोंगराला टेकला. तिनं पडदा ओरबाडून काढला. फळीवर कोणी नव्हतं. गादी ओलीचिंब होती, मधोमध एक लांबट खड्डा, माणूस पडून गेल्यासारखा. कोट पायथ्याशी पसरलेला होता, तिनं पसरला होता तसाच.

वॉकीटॉकी चालू केला. खरखरसुद्धा नीट येत नव्हती. ती खाली उडी मारून चढावर पळत सुटली. मीठवाल्या गाडीच्या लोकांना ती भेटली तेव्हा ती हातापायांवर चालत होती, आणि मी येतेय, मी येतेय, एवढंच म्हणत होती. तिला उचलून खाली न्यायला तीन माणसं लागली.

मास्तरांना आणलं ते सकाळी, फाटक उघडल्यावर. चौकीच्या दाराला पाठ टेकून बसले होते. डावा बूट आणि मोजा काढलेला होता. आपला उघडा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, डोळ्यांसमोर, नीट बघता यावा असा. तो सोडवता आला नाही.

फाटकवाले काका तिच्यासमोर उभे होते. टोपी हातात होती.

"तुमच्या बाजूला डोंगर आडवा येतो," ते म्हणाले. "माझ्या बाजूला नाही. मला सगळं ऐकू येत होतं, पोरी. मी निघालो होतो. पहिल्या वळणापलीकडं जाता येईना."

"काय बोलत होते?"

"नको."

"काका, काय बोलत होते?"

काकांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "क्लिप, म्हणत होते. केसांची क्लिप, हिरवी. तेच तेच. मी म्हणालो, मास्तर, मी फाटकावरून बोलतोय. तर म्हणाले, तिला सांगा, हिरवी. मी बरोबर सांगतोय ना, विचारा तिला."

तिनं मांडीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. टक्.

लोकांना वाटलं आता ही स्टिअरिंगला हात लावायची नाही. पण लेकीचं सगळं तिच्यावरच होतं. पुढच्या हिवाळ्यात ती त्याच गाडीवर, त्याच घाटात आली. जोडीला दीर येतो म्हणाला, नणंद आली सुद्धा एकदा बॅग भरून. तिनं कुणालाच घेतलं नाही. नणंदेनं विचारलं, "वहिनी, इतका लांबचा रस्ता, झोप कधी घेता? कुणीतरी हवं ना सोबत." ती फक्त म्हणाली, "आहे."

हे खरं होतं. गाडी सुरू करण्याआधी ती अजूनही मागं हात घालते, मोकळा हात, हातमोजा काढून. फळी रिकामी असते. पडद्याखाली पाय असतो. गार, पण ओळखीचा. ती घाई करत नाही. एकेक बोट धरून मोजते. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं, आणि करंगळीजवळचं. चार. करंगळीची जागा रिकामी. मगच ती चावी फिरवते. रस्ताभर त्या पायाशी बोलते, लेकीच्या शाळेचं सांगते, सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगते, आणि मागून वेळेवर हं येतं. माथ्यावर थांबायचं तिनं कधी टाळलं नाही.

परवा फाटकापाशी काकांनी काचेवर टॉर्च मारला. तिचा हात पडद्यामागं होता. ते वाट बघत उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला.

"काय झालं पोरी? पाय लागला ना?"

ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. अंगठा. त्याच्या शेजारचं. मधलं.

"लागला," ती म्हणाली.

काकांनी फाटक उघडलं. तिचा हात अजून मागंच होता, बोटं त्या मोज्याच्या कडेवरून परत परत फिरत होती, जिथं आता दोन जागा रिकाम्या होत्या.